घुबडांची हजेरी

मुलांनो, पाच मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं, हे तुमच्यापेक्षा तुमच्या वर्गावरच्या बाई जास्त चांगलं सांगतील! मीही एक बाईच आहे. पेण तालुक्यातल्या एका छोट्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात चुकून पाच मिनिटं शांतता झाली, तर शेजारच्या वर्गातले गुरुजी दारातून डोकावून विचारतात, "काय हो बाई, सगळे बरे आहेत ना?"

पण वर्षातली एक रात्र अशी येते, की याच मुलांचा गोंगाट कुठे जातो कोण जाणे. पौषातली थंडी असते. डोक्याला कानटोपी, अंगात आजोबांचा स्वेटर, पायांत बूट. अंधारात आम्ही दहा-बाराजण कानांमागे हात धरून, तोंड मिटून उभे असतो. एकदा नाही, एका रात्रीत सहा वेळा. त्या रात्री आम्ही घुबडांची हजेरी घेतो.

दचकलात? आमच्या गावातली मोठी माणसंही पहिल्यांदा दचकली होती. ती गंमत पुढे सांगते. आधी आमचं पेण पाहून घ्या.

पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवणार. हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर घरोघरी मूर्तींचं काम चालू असतं. तुमच्या घरचा बाप्पाही कदाचित इथूनच आलेला असेल. पेणचे पापड नि पोहेही तुमच्या आईला माहीत असतील. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसलात, की पेणच्या आसपास दोन्ही खिडक्यांतून दोन वेगळे मुलूख दिसतात. पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली सपाट खारभूमी, मिठागरं, मैलोन् मैल भातशेती. पूर्वेला डोंगर, हेटवण्याचं धरण, सांकशीचा किल्ला, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. विनोबा भाव्यांचं जन्मगाव गागोदे याच तालुक्यात. आमचं गाव डोंगराच्या बाजूला आहे. गावापुढे भातखाचरं, मागे रान.

आता भात आलं म्हणजे उंदीर आले. उंदीर आले म्हणजे त्यांना खाणारेही आले. दिवसा ते काम साप करतात, रात्री घुबडं. इतकं सरळ आहे. पण घुबडाचं नाव काढलं, की माणसांची तोंडं वाकडी होतात. 'घुबडतोंड्या' ही काय कौतुकाची हाक आहे? घुबड कौलावर बसलं तर घरात वाईट होणार, रात्री कुणाला नावानं हाक मारली तर घुबड ते नाव घोकत बसणार... एक ना दोन! घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं, घासत बसतं, नि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असंही आमच्याकडे सांगतात. (ही शेवटची समजूत खोटी असली तरी मला आवडते. तिच्यामुळे कितीतरी घुबडांचे दगड चुकले असतील!)

आणि तरी आपल्याच मराठीत घुबडाला 'दिवाभीत' असा किती छान शब्द आहे. दिवसाला भिणारा, तो दिवाभीत. लहान घुबडाला म्हणतात पिंगळा. तुमच्या आजीला विचारा, पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत एक पिंगळा जोशी दारात यायचा. आपल्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते, म्हणायचा, नि घरादाराचं भविष्य सांगून पसाभर धान्य घेऊन जायचा. म्हणजे घुबडाचं बोलणं ऐकायला जाणारे आम्ही काही पहिले नाही. आम्ही भविष्य तेवढं सांगत नाही.

मला मात्र घुबडांबद्दल एक जुनी चुटपुट आहे. ती आधी सांगून टाकते.

माझं माहेर रोह्याचं. कुंडलिका नदीपासून जवळ आमचं जुनं कौलारू घर होतं. खाली गोठा, वर माळा, माळ्यावर भाताच्या कणग्या. मी तिसरीत होते, १९९६ साल. एका दुपारी लपाछपी खेळताना मी माळ्यावर गेले, तर कोपऱ्यात तुळईवर बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड! दोन काळे डोळे माझ्याकडे टक लावून बघताहेत. मी ओरडले नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते आगीनगाडीच्या वाफेसारखं 'श्श्श्श' करून फुत्कारलं, नि मी धडाधड जिना उतरून आजीला जाऊन सांगितलं.

सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी माळ्यावर मिरच्यांची धुरी दिली. दुसऱ्या दिवशी झरोक्यांना जाळी ठोकली. ते गव्हाणी घुबड होतं. गाईगुरांच्या गव्हाणीजवळ, गोठ्यात, जुन्या घरात, देवळात राहतं म्हणून गव्हाणी. जाळी बसल्यावर ते पुन्हा आलं नाही. उंदीर मात्र आले. पुढच्या पावसाळ्यात आजी कणगीच्या बुडाला पडलेलं भोक बुजवताना उंदरांना शिव्या देत होती. घुबड नि उंदीर यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

आता आमच्या गावची गोष्ट. २०२२ च्या दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा दोन मुलं कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. "बाई, देवळामागं घुबडाची शी सापडली!" वर्गात एकच हसू पिकलं. पाहिलं तर अंगठ्याएवढी काळपट गोळी. ती शी नव्हती. घुबड उंदीर चावून खात नाही, आख्खा गिळतं. मांस पचतं. हाडं नि केस पचत नाहीत. त्यांची पोटात गोळी बनते नि घुबड ती तोंडावाटे टाकून देतं. आम्ही ती गोळी बशीत कोमट पाण्यात भिजवली नि बाभळीच्या काट्यांनी हळूहळू सोडवली. आतून काय निघालं असेल? तीन कवट्या! दोन उंदरांच्या, पुढचे दात नारिंगी. एक चिचुंद्रीची, निमुळती. शिवाय बरगड्या, मणके, सगळं एखाद्या घड्याळाच्या दुकानातल्यासारखं बारीक नि स्वच्छ. मुलांनी ती हाडं काळ्या कागदावर चिकटवून तक्ता केला. (नंतर साबणानं हात धुतले, हे आईबाबांसाठी सांगते!)

एकाने विचारलं, "बाई, आपल्या गावात घुबडं आहेत किती?"

मला उत्तर माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. गाई किती, कोंबड्या किती, मतदार किती, सगळं मोजलेलं असतं. घुबडं कोण मोजणार?

तर मोजणारी माणसं जगात आहेत, बरं का. कॅनडात थंडी सरता सरता शेकडो स्वयंसेवक रात्री बाहेर पडतात. ठरलेला रस्ता, ठरलेल्या अंतरावर थांबायचं, किमान दोन मिनिटं गप्प ऐकायचं, लिहायचं, पुढे जायचं. त्यात शास्त्रज्ञ असतात, तसेच शिक्षक, पोस्टमन, आजीआजोबाही असतात. दरवर्षी तोच रस्ता, म्हणून घुबडं वाढली की घटली ते कळतं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी २०१८ साली इला फाउंडेशननं चक्क घुबडांचा महोत्सव भरवला. पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे यांची ही संस्था. ज्या पक्ष्याला बघून लोक थुंकतात, त्याचा उत्सव!

मग आम्ही पालकांची सभा घेतली. बहुतेकांनी हसून माना डोलावल्या. एका मुलीची आजी मात्र उठून उभी राहिली. विहिरीजवळच्या मोठ्या आंब्यावर जे घुबड रडतं, ते रडल्याच्या रात्रीच त्यांचे मालक गेले होते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. पन त्या रातीला तुमी नव्हत्या तिथं." यावर काय बोलणार? घुबड त्याआधीही शेकडो रात्री ओरडलं असेल नि कुणी गेलं नसेल, हे हिशेबाचं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला ते देववलं नाही. मी एवढंच म्हटलं, की नातीला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नात आली. आजी त्या रात्री दार लावून बसल्या.

आमची रीत अशी. पौष पौर्णिमेच्या जवळचा शनिवार, म्हणजे रस्ता चांदण्यात दिसतो नि दुसऱ्या दिवशी शाळा नसते. पाचवीच्या खालची मुलं नाहीत. प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठं माणूस. पोलीस पाटलांना नि वनरक्षकांना आधी कल्पना दिलेली. पायांत बूट हवेतच, कारण फुरसं वाटेत कुठे असेल सांगता येत नाही. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद. गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची वाट आहे. तिच्यावर सहा थांबे: शाळेची चिंच, देऊळ, विहिरीजवळचा आंबा, ओढ्यावरची मोरी, पायथ्याचा खडक, वाडीची वेस. प्रत्येक थांब्यावर पोचल्यावर एक मिनिट नुसतं स्थिर व्हायचं, मग पाच मिनिटं ऐकायचं. आवाज आला तर बोलायचं नाही, त्या दिशेला बोट करायचं. मोबाइलवर घुबडाचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरं कोणी घुसलं. मग खाणंपिणं सोडून ते भांडायला येतं. आपल्या मजेपायी त्याची रात्र फुकट!

कानांमागे हात का धरायचे, माहीत आहे? करून बघा आत्ता. पंख्याचा आवाज मोठा झाला की नाही? गव्हाणी घुबडाचं तोंडच मुळी असं असतं. त्याचा तो पसरट चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारं सूप. त्यात त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. त्यामुळे उंदीर डावीकडे की उजवीकडे हे तर कळतंच, शिवाय वर की खाली हेही कळतं. मिट्ट काळोखात नुसत्या खसफशीवरून ते उंदीर पकडतं. डोळे मात्र खोबणीत घट्ट बसवलेले, फिरत नाहीत. म्हणून मानच फिरवायची, जवळजवळ पाऊण वर्तुळ.

पहिली मोजणी झाली जानेवारी २०२३ मध्ये. शाळेच्या चिंचेवर पिंगळ्यांची जोडी होती. 'चिर्रर्र चिवक चिवक चिवक' करून त्यांनी असा दंगा केला, की मुलं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. देवळाच्या शिखरावरून गव्हाणी घुबडानं एक कर्कश किंकाळी मारली. आणि तिसरा थांबा, विहिरीजवळचा आंबा. तिसऱ्या मिनिटाला डोक्यावरच्या काळोखातून थरथरत, वळसे घेत एक आवाज खाली आला, 'चूऽहूऽआऽआऽ'. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. त्याला पलीकडच्या फांदीवरून उत्तर आलं. ही वनघुबडाची जोडी. जुने, ढोलीचे आंबे नि चिंचा यांना फार आवडतात. आजीबाईंना हे रडणं का वाटलं, ते त्या रात्री मला कळलं.

ओढ्याच्या मोरीवर आम्ही थंडीनं काकडत उभे होतो. मासे खाणारं मोठं घुबड तिथं असणार, अशी माझी खात्री. चार मिनिटं नुसतं पाणी. आणि मग झाडीतून 'टक... टक.. टक. टकटकटक'. मी घाईघाईनं वहीत लिहिलं, 'लहान घुबड, १'. लिहून मान वर केली, तर वाडीवरचा एक सहावीतला मुलगा माझ्याकडे बघत होता. पाच मिनिटं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "बाई, घुबड नाय तो. रातवा हाय."

रातवा म्हणजे रात्री किडे पकडणारा, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी. गोटी फरशीवर टाकली की कशी टकटकत थांबते, तसा त्याचा आवाज. मला तो पुस्तकातून माहीत होता. त्या मुलाला तो जन्मापासून माहीत होता. पण मुलांनो, तुम्हाला म्हणून सांगते, क्षणभर मला वाटलं, राहू दे ना! एवढ्या थंडीत एवढ्या लांब आलो, मुलांचा हिरमोड होईल, एका घुबडानं काय बिघडतं? मी म्हटलं, "असेल बुवा, बघू नंतर." तो गप्प झाला. पुढच्या थांब्यापर्यंत कुणीच बोललं नाही.

चालता चालता मला एक गोष्ट आठवली. पायथ्याच्या खडकाशी मी ती मुलांना सांगितली. तुम्हीही ऐका.

आपल्या महाराष्ट्रात वनपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी खानदेशात नोकरीला होता. त्यानं काही वनपिंगळे मारून, पेंढा भरून संग्रहालयाला पाठवले. तेव्हा तीच पद्धत होती. शेवटचा पिंगळा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी कुणालाच दिसेना. फक्त एका माणसानं सांगितलं, मला सापडला! रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी म्हणाला, की १९१४ साली गुजरातमध्ये मांडवीजवळ त्यानं एक मिळवला. त्याच्या पक्ष्याला तशी चिठ्ठीही बांधलेली होती. मोठा माणूस, मोठं नाव! लोकांनी विश्वास ठेवला. आपले डॉ. सालीम अली नि अमेरिकेचे डॉ. रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पिंगळा शोधून पाहिला. काही हाती लागलं नाही. तो नामशेष झाला असावा, असंच बहुतेकांना वाटू लागलं.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयातले जुने पक्षी एकेक करून तपासले. तेव्हा उघड झालं, की माइनर्ट्झहागेनचा पिंगळा त्यानं पकडलेलाच नव्हता. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा एक पिंगळा चोरून, पेंढा नव्यानं भरून त्यानं त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती! पक्षी तयार करण्याची डेव्हिडसनची पद्धत मात्र आतून तशीच राहिली नि तिनं चोरी उघडी पाडली. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेनबाई, बेन किंग नि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण फांदीवर वनपिंगळा बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी! हे घुबड दिवसाच जास्त हिंडतं, म्हणजे दिवाभीत नव्हेच. आमच्या माळ्याला जाळी लागली, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. पुढे मेळघाटात वनपिंगळे सापडले, नि २०१४ साली मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलातही.

गोष्ट संपल्यावर मी बॅटरी वहीवर धरली, 'लहान घुबड, १' यावर काट मारली, नि लिहिलं, '०'. वाडीवरच्या मुलानं शेजारी आपल्या अक्षरात लिहिलं, 'रातवा १'. त्या रात्रीपासून आमचा नियम झाला, की आवाज किमान दोघांनी ऐकलेला हवा, नि दोघांची बोटं एकाच दिशेला हवीत. मग ती बाई का असेना.

त्या रात्रीची बेरीज सहा घुबडं. सहावं पायथ्याच्या कड्यावरचं शृंगी घुबड, 'बूऽबोऽ' करणारं. परत आल्यावर शेताच्या बांधावर पोपटी लावलेली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून जाळ. पौषात रायगड जिल्ह्यात आलात नि पोपटी न खाता गेलात, तर तुमचं येणं फुकट, हे मी लिहून देते.

एप्रिल २०२३ मध्ये विहिरीजवळचा आंबा तोडला. मालक वाईट माणूस नाहीत, आमच्या सभेलाही आले होते. घरात मुलीचं लग्न निघालं होतं, झाड म्हातारं, आंबे येईनात, लाकूडवाल्यानं रोख पैसे पुढे ठेवले. मला बातमी कळली, तेव्हा बुंधा ट्रकमध्ये चढला होता. मी काही करू शकले असते का? आधी जाऊन बोलले असते, तर कदाचित. आमची वही माझ्या कपाटात होती, ती मी त्यांना दाखवलीच नव्हती.

जानेवारी २०२४. तिसरा थांबा. पाच मिनिटं. विहिरीच्या पंपाची पत्र्याची पेटी थंडीनं कडकन वाजली, तेवढंच. एकही बोट वर नाही. आजीबाईंची नात म्हणाली, "बाई, ती दुसऱ्या झाडावर गेली असतील ना? गावातच असतील. दोन लिहूया." तिचा आवाज जरा ओला होता. मी काही बोलण्याआधी वाडीवरचा मुलगा म्हणाला, "मागल्या साली बाईंनी आपलं खोडलं व्हतं." तिनं पेन घेतलं नि शून्य काढलं. इतकं गोल, सावकाश काढलेलं शून्य मी गणिताच्या वहीतही पाहिलं नाही.

त्याच महिन्यात मी माहेरी गेले होते. आमचं ते घर आता नाही, तिथं इमारत आहे. रात्री जेवून भावाबरोबर कुंडलिकेच्या काठी एकटीच्या हिशेबानं पाच मिनिटं उभी राहिले. पुलावरच्या दिव्यांच्या उजेडातून एक पांढरं गव्हाणी घुबड नदीपार गेलं. पंखांचा जरासुद्धा आवाज नाही. पिसांच्या कडांना मऊ झालर असते, त्यामुळे हवा फडफडत नाही. भावालाही दिसलं, म्हणजे दोघांचा नियम पाळला गेला! रोह्यापासून फणसाडचं अभयारण्य फार लांब नाही. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं रान. १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथली घुबडं ऐकायची माझी इच्छा अजून राहिलीच आहे.

इथं आईबाबांशी दोन शब्द. घुबड पकडणं, विकणं, बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तरी लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्याच्या नावाखाली देशात अनेक ठिकाणी घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेनं २०१० साली त्यावर अहवालच काढला होता. असं कुठे दिसलं, तर वनखात्याला कळवा. आणि मुलं घुबड बघायला निघाली तर त्यांना अडवू नका, बरोबर जा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका पालकांनी फळीची पेटी करून दिली. तिकडे इस्रायल नि जॉर्डनमध्ये शेतकरी गव्हाणी घुबडांसाठी शेतात पेट्या लावतात, उंदीर कमी व्हावेत म्हणून. आम्हीही विहिरीजवळच्या सावरीवर ती बांधली. वनघुबड तिच्यात राहायला येईल, अशी आशा मला फारशी नव्हती, त्याला जुनी मोठी ढोली लागते. पण मुलांचा उत्साह! महिन्याभरात पेटीत बिऱ्हाड आलं. साळुंक्यांचं. आता त्या आमच्यावरच खेकसतात.

जानेवारी २०२५ च्या मोजणीला शाळेच्या चिंचेखाली जमलो, तर घोंगडी पांघरून आजीबाई हजर! मला आश्चर्य लपवता येईना. त्या म्हणाल्या, "आंबा गेला तवापासून रात लई मुकी झालीय. पन गेल्या अवसेला मला ऐकू आला तो. माझ्या पडवीच्या मागं, टेकाडाच्या अंगाला." नात उड्या मारू लागली, "लिहा ना बाई!" मी म्हटलं, मोजणीच्या रात्री, थांब्यावर, दोघांनी ऐकलेलं. नियम तो नियम. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच चौथीत असल्यासारखं वाटलं.

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, आजींच्या पडवीमागे सातवा थांबा करायचा. तिसऱ्या थांब्यावर शून्य लिहून झालं. सहाही थांबे संपवून रात्री साडेअकराला आम्ही त्या टेकाडाकडे तोंड करून उभे राहिलो. चंद्र वर आलेला. वालाच्या शेतावर दव. एक मिनिट स्थिर. मग ऐकायला सुरुवात. दुसरं मिनिट गेलं, तिसरं गेलं. चौथ्या मिनिटाला घोंगडीतून एक हात बाहेर आला नि बोट पूर्वेकडे वळलं. मी श्वास रोखला. मुलांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात कानांमागे, डोळे मोठे, पण बोट एकाचंही वर जात नव्हतं. मलाही काही ऐकू आलं नव्हतं.

वेळ संपली. नातीनं वही उघडली, सातव्या थांब्यापुढे शून्य लिहिलं, नि थांबली. हजेरीपटात असतो तसा आमच्याही वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं लिहिलं, 'पूर्वेला वनघुबड. फक्त आजीला ऐकू आलं.'

आजी वाकून बघत होत्या. "काय लिवलंस?"

नातीनं वाचून दाखवलं.

"आजी काय? आज्या काय गावात थोड्या हायेत? नाव लिव माझं. पुरं लिव."